एक जुलैची सहल

किंग्स्टन, ९ जून

माझी लाडकी युगेत,

आज दोरीवरच्या चादरी काढताना कॉन्व्हेंटचं मागचं अंगण आठवलं. तू दोन टोकं धरून उभी, मी दोन टोकं धरून उभी, आणि मध्ये सिस्टर अल्फोन्सचा नियम: सोमवारी घड्या फ्रेंचमध्ये घालायच्या, मंगळवारी इंग्रजीत. (चादरींना त्याचं काय होतं, देव जाणे.) ज्या मुलीच्या तोंडून चुकीच्या वारी चुकीची भाषा निघेल तिच्या गळ्यात लाकडी बिल्ला. तो बहुतेक माझ्याच गळ्यात असायचा. मग तू मुद्दाम चुकायचीस आणि तो स्वतःच्या गळ्यात घालून घ्यायचीस. साठ वर्षं होऊन गेली. मी आता चादर हनुवटीखाली धरून एकटीच घडी घालते, आणि जे तयार होतं ते गाठोडंच असतं.

तुझी कंबर कशी आहे? कार्डिनल जेवतो ना नीट? (मांजराला चर्चच्या बड्या धर्मगुरूंची पदवी नाव म्हणून ठेवल्याबद्दल तुला वर जाब द्यावा लागणार आहे, तेव्हा तयारी ठेव.) इकडे मी ठणठणीत आहे. गुडघा सोडून.

ईस्टरचं तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. एक्केचाळीस वर्षांचं घर एक जुलैला सोडून तू वृद्धनिवासात जाणार. खोली उत्तरेकडची, मांजराला मनाई, आणि रांगेत तुझ्यानंतर नाव असलेले खालच्या मजल्यावरचे मस्यू आर्सेनो तुझ्यावर जळतात. शेवटी एकच ओळ: ‘तू येऊ नकोस, नोरीन, बघण्यासारखं काही उरलेलं नाही.’ तुझा शब्द मी कधी मोडलाय का? मी तुझ्याकडे येतच नाहीये. मी आणि मायर्टल वहिनी माँट्रियलला तीन दिवसांच्या सहलीला येत आहोत, इतकंच. तारीख योगायोगाने एक जुलै निघाली.

पण या सहलीची तयारी म्हणजे काय विचारू नकोस! आधी मी एका खानावळवजा घरात खोलीसाठी फोन केला. शाळेतलं सगळं फ्रेंच गोळा करून, क्रियापदांना इस्त्री करून, चार मिनिटं बोलले. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फर्ड्या इंग्रजीत विचारलं, “कुठल्या घरातून कुठल्या घरात जाताय?” म्हटलं, “कुठेही नाही, फिरायला येतोय.” बाई म्हणाल्या, “अहो बाई, एक जुलैला या शहरात मजेसाठी कुणी येत नाही. त्या दिवशी सगळ्यांचे भाडेकरार संपतात आणि अख्खं शहर एकमेकांच्या घरात राहायला जातं. रस्त्यात चालाल कुठून? गाद्यांवरून?” मी म्हटलं, “आम्हाला गाद्या बघायला आवडतात.” खोली मिळाली. आवाजावरून वाटलं, त्यांना दया आली.

मायर्टल वहिनीला तू ओळखतेसच, माझ्या भावाची, टॉमची बायको. तो गेल्यापासून घरात नुसती बसून असायची. आता ग्रंथालयातून फ्रेंचच्या ध्वनिफिती आणून सकाळपासून ‘हा सोफा दारातून जाणार नाही’ हे एकच वाक्य घोकते. (मी तिला चर्च कुठे आहे, कॉफी कुठे मिळेल, एवढंच शिक म्हटलं होतं.) परवा खाटकाला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, “मग आडवा करा.”

मग जिन्याचा प्रश्न. तुमच्या शहरात घराबाहेरून गोल वळत जाणारे लोखंडी जिने, आणि तू तिसऱ्या मजल्यावर. (आम्ही तिकडे फिरकणार नाही, पण तरी.) असा वळणाचा जिना इथे एकच, चर्चमधल्या गायकांच्या सज्जाचा. मंगळवारी दुपारी कुणी नाही असं बघून आम्ही दोघी वरची एक खुर्ची उतरवायला लागलो. अर्ध्यात मी अडकले, खुर्ची माझ्यावर अडकली, आणि खाली फादर कॅव्हना येऊन उभे राहिले.

“नोरीन, हे काय चाललंय?”

“सहलीची तयारी, फादर.”

“सहलीला खुर्ची?”

वरून वहिनी ओरडली, “बसायला मिळतं की नाही तिकडे, कोण जाणे!”

फादरांनी कोट काढला, खुर्ची उतरवली, मग मला उतरवलं, आणि जाता जाता म्हणाले, “तुमच्या त्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.” मी तुझं नावही काढलं नव्हतं!

शेवटी रेल्वेची तिकिटं. जाताना दोन, परतीची तीन निघाली. खिडकीतली मुलगी दोनदा म्हणाली, “आजी, काहीतरी चुकतंय.” मी म्हटलं, राहू दे, यंत्रं चुकायचीच.

तेव्हा तू निवांत जा तुझ्या निवासात. आम्ही आपल्या गाद्या बघत फिरू.

तुझीच,
नोरीन

ता. क. – यंत्र चुकलं नव्हतं. माझी मागची खोली दक्षिणेकडची आहे, रंग कालच वाळला. कार्डिनलला मनाई नाही. मी नऊ वर्षं एकटी जेवतेय, युगेत, आणि मला त्याची सवय झालेली नाही. नको असेल तर नाही म्हण, कुठल्याही भाषेत. पण मी तिसरा मजला चढून आल्यावर, माझ्या तोंडावर म्हण.

ता. क. २ – तोवर सामान फुटपाथवर ठेवू नकोस. शिवणयंत्र तुमच्या चर्चच्या बायकांना दे. वाटाण्याच्या सुपाचं निळं पातेलं मायर्टलला, तिने ते कमावलंय. सोफा दारातून जाणार नाही, नव्या भाडेकरूला राहू दे. निवासातली खोली मस्यू आर्सेनोंना, म्हणजे त्यांचं जळणं थांबेल. चादरी मात्र कुणाला देऊ नकोस. सगळ्या घेऊन ये, घडी न घालता.