तुमचा निरोप माझ्या कानात

रिव्हर्टन,
मे महिन्यातला एक ओला मंगळवार

रेवीनताईंना यूअनचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरता येतो का? तिकडे नेपियरला ऊन पडलं असेल. इथे जूनचा हिवाळा लागायच्या आधीच पाऊस वरून न पडता समुद्राकडून आडवा येतोय आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावतोय. तुमची बहीण नोलीन ठणठणीत आहे. मीही बरा आहे, म्हणजे अंगाने. डोक्याचं नक्की सांगता येत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र. मी तुमचा मेव्हणा झाल्यापासून तुम्हाला एकही पत्र लिहिलेलं नाही (नाताळच्या कार्डावर नोलीन माझंही नाव घालते, ते मी धरत नाही), त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून कोणी गेलं की काय असं तुम्हाला वाटलं असेल. आमच्याबरोबर क्लबात हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवणारा क्लॅरी सुतार गेला, पण त्याचं पुढे येईलच. फोन करता आला असता. पण ताई, फोनमध्ये बोललेलं कुठून बाहेर पडेल याचा या घरात आता भरवसा राहिलेला नाही.

तर झालं असं. तुम्हाला ठाऊकच आहे, बोटीच्या इंजिनापाशी जन्म गेल्यामुळे माझे कान पार बसले होते. मला त्याचा त्रास नव्हता. त्रास इतरांना होता, आणि इतर म्हणजे नोलीन. शेवटी तिने मला इन्व्हरकार्गिलला नेऊन कानातली यंत्रं घेऊन दिली. वालाच्या दाण्याएवढी आहेत. पूर्वी अशा यंत्राला एक चाक असायचं, फिरवलं की आवाज मोठा. आता चाक नाही. आता ती यंत्रं फोनशी जोडावी लागतात आणि आवाज फोनमधून कमीजास्त करतात (कान माझे, ते उघडायचे फोनमधून, आणि यात कोणालाही काही विचित्र वाटत नाही). माझा फोन बोटीवरचा जुना, बटणांचा. तिथल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला, फार आदराने. मग त्या म्हणाल्या, तूर्त बायकोच्या फोनशी जोडून देते, तुम्ही नवा फोन घ्या आणि मग बदलू. मी मान डोलावली. मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं, यंत्रं अजून डबीतच होती; त्या काय म्हणाल्या ते नोलीनने नंतर सांगितलं.

चार दिवसांनी मी मागच्या शेडमध्ये मासे धरायचे पिंजरे दुरुस्त करत बसलो होतो. शेड स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे, तुम्ही पाहिलीच आहे. आणि अचानक माझ्या डोक्याच्या बरोबर मध्यभागी तुम्ही बोललात. अगदी स्पष्ट. म्हणालात, "तुझं खरं आहे गं नोलीन, कपाटाशी बोलत किती दिवस काढायचे माणसाने?"

मी मागे वळून पाहिलं. पिंजऱ्यांखाली पाहिलं. पहिल्यांदा वाटलं तुम्ही न कळवता आलात. मग वाटलं तुम्ही वारलात आणि जाता जाता मला भेटायला आलात (पण मग नोलीनऐवजी मला का, हे कळेना). आत गेलो तर नोलीन फोन कानाला लावून उभी.

"रेवीनताई आल्यात का?" मी विचारलं.

"कुठून येणार ती? हे बघ, तिने मोठा निरोप रेकॉर्ड करून पाठवलाय आणि आवाजच येत नाही. फोन बिघडलाय वाटतं."

आता एखाद्या शहाण्या माणसाच्या लगेच लक्षात आलं असतं. माझ्या आलं नाही. मी परत शेडमध्ये जाऊन बसलो आणि आपल्याला झटका येऊन गेला असावा असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी नोलीनने तुमचा पुढचा निरोप लावला आणि तुम्ही पुन्हा माझ्या डोक्यात बोलायला लागलात, तेव्हा कुठे उजेड पडला. तिचा फोन तुमचा आवाज तिला न देता माझ्या कानांत सोडत होता. ती प्रश्न विचारत होती आणि उत्तरं मला येत होती.

ताई, मला हे तेव्हाच सांगायला हवं होतं हे कबूल. सांगायला म्हणून मी उठलोही. पण तेवढ्यात तुम्ही म्हणालात, वरची समुद्राकडची खोली झाडून ठेवली आहे, हिवाळ्याच्या आधी ये, तिकीट हातात येईपर्यंत त्याला काही सांगू नकोस. फ्रीझर भरून ठेव. स्ट्यू संपल्यावर त्याच्या ध्यानात येईल तू गेलीस ते.

मी पुन्हा बसलो. मग नोलीन दुकानात गेल्यावर फ्रीझर उघडून पाहिला. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून मटणाचा स्ट्यू, अगदी झाकणापर्यंत रचलेला. मी तिथेच थंडीत उभा राहिलो. दर हिवाळ्यात ती एवढाच स्ट्यू करून ठेवते की या वर्षी जास्त आहे, हे मला काही केल्या आठवेना. एवढी वर्षं खाल्ला, पण कधी फ्रीझर उघडून पाहिलेला नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, कपाट राहायचं नाही. बोलायचं. पण काय बोलायचं? बोटीवर आम्ही वाऱ्याबद्दल बोलायचो. घरातल्या बाईशी वाऱ्याबद्दल किती बोलणार? सकाळी चहाला मी तिला विचारलं, रात्री झोप नीट लागली का. तिने कप खाली ठेवला. मला म्हणाली, जीभ बाहेर काढ. मग म्हणाली, दोन्ही हात वर कर. संध्याकाळी तुमचा निरोप आला, की पुरुष माणूस अचानक झोपेची चौकशी करायला लागला तर त्याचं डोकं तपासून घे, आमच्या माल्कमने असंच एकदा गोड बोलायला सुरुवात केली होती आणि दुसऱ्या दिवशी कळलं की माझी गाडी विकून टाकलीय. (माल्कम तुमचा नवरा असला तरी माझा दोस्तही होता, त्याच्या आत्म्याला शांती मिळो. पण गाडीचं मला त्याने कधीच सांगितलं नाही.) त्या निरोपानंतर नोलीन अंगणात जाऊन आमची गाडी जागेवर आहे का ते बघून आली. आता निरोप ऐकला मी, आणि गाडी बघायला गेली ती, हे कसं, असं माझ्या मनात आलं होतं. पण त्या दिवसांत इतकं काही समजत नव्हतं की त्यात हे एक आणखी, म्हणून मी सोडून दिलं.

मी भांडी घासली. तुमचा सल्ला आला, सावध राहा. मी तिला क्लबात जेवायला नेलं. तुमचा सल्ला आला, काहीतरी लपवतोय. तुमचं बरोबरच होतं, मी लपवतच होतो.

आणि मग क्लॅरीचा अंत्यविधी. चर्च भरलेलं. आम्ही तिसऱ्या रांगेत, क्लॅरीची बायको डोरीन पहिल्या रांगेत. पाद्रीबाबा हळू आवाजात बोलत होते, शेजाऱ्याची हाक ज्याने कायम ऐकली असा माणूस आता आपल्यात कोण उरला आहे, असं काहीतरी. लोक माना खाली घालून बसलेले. आणि त्या शांततेत तुम्ही माझ्या कानांत, नेहमीच्या खणखणीत आवाजात: "अगं कपाट निदान दार उघडल्यावर कुरकुरतं तरी. हा तेवढंही करत नाही."

मी उभा राहिलो. ताई, मला आठवत नाही मी कसा उभा राहिलो. पण सगळं चर्च सांगतं की मी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "मी कपाट नाही."

पाद्रीबाबा थांबले. ऑर्गनवाली बाई वळून बघायला लागली. नोलीनने माझा कोट धरून मला खाली ओढलं. मला जमीन दुभंगून हवी होती, पण चर्चची जमीन नुकतीच नवी टाकलीय, चांगली मजबूत. नंतर हॉलमध्ये चहा आणि चीज रोल चालू असताना डोरीन सरळ माझ्याकडे आली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, क्लॅरीने जन्मभर लोकांची कपाटं केली, आणि आज तासभरात कपाटाचा शब्द काढला तो एकट्या तू. मग ती रडली. आता गावात अर्ध्या लोकांना वाटतं की मी क्लॅरीवर कविता म्हणत होतो. उरलेल्या अर्ध्यांना काय वाटतं ते विचारायची माझी छाती नाही.

घरी आल्यावर नोलीन सरळ स्वयंपाकघरात गेली. कोट काढला, किटली ठेवली आणि टेबलाशी बसली.

"यूअन, मी हिवाळाभर ताईकडे जायचं म्हणतेय."

आता इथे माझी खरी पंचाईत बघा. मी एरवी म्हणालो असतो, तुला बरं वाटेल तसं. माझं सगळ्याला तेच उत्तर असतं. पण तुम्ही आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतंत की तो म्हणेल तुला बरं वाटेल तसं, आणि तो म्हणाला की पेटी भरायला घे. म्हणजे माझ्याजवळचं एकुलतं एक उत्तर तुम्ही आधीच काढून घेतलेलं. किटली ओरडायला लागली. शेवटी म्हणालो, जाऊ नकोस.

"का?"

हे तुम्ही निरोपात सांगितलं नव्हतं, त्यामुळे मला स्वतःच शोधावं लागलं. मी तिला सांगितलं की यंत्रं घातल्यावर पहिले दोन दिवस मला वाटत होतं आपला फ्रीज गातो. जुना झालाय, बदलायला हवा, असं मी मनात ठरवलंही होतं. मग पाहिलं तर तू बटाटे सोलत होतीस आणि तूच गुणगुणत होतीस. थांबलीस की फ्रीजही थांबायचा. तू काम करताना गुणगुणतेस हे मला माहीतच नव्हतं, नोलीन. कधीपासून गुणगुणतेस?

मग उठून तिने किटली उतरवली. म्हणाली, "पहिल्यापासून." आणि कप मांडत म्हणाली, "ताईकडे मी जाणार आहेच. तिचा गुडघा आहे. पण हिवाळाभर नाही. तीन आठवडे."

म्हणजे ती जाणार आहे की राहणार आहे, माझ्यावर रागावली आहे की नाही, यातलं मला अजून नीट कळलेलं नाही. विचारायला गेलो तर ती हसते. हसणं चांगलं की वाईट तेही कळत नाही. तुम्ही तिची मोठी बहीण, तुम्हाला कळत असेल.

गुडघ्याला जपा. अंगणातल्या लिंबाला माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
यूअन

ता. क. ताई, लिहायचं खरं होतं ते राहिलंच. तुम्ही नोलीनला आणखी एक निरोप पाठवा. त्यात म्हणा की वरच्या खोलीत दोघांची सोय आहे, आणि गळका नळ दुरुस्त करायला घरात कोणी पुरुष माणूस असेल तर बरं पडेल. नळ गळत नसेल तर मी आल्यावर बघू. हे तुमच्याच मनात आलं असं दाखवा. मी स्वतः विचारलं आणि ती नको म्हणाली तर ते ऐकायला माझे कान अजून तयार नाहीत. आणि जरा सावकाश बोला, डाव्या कानात तुम्ही फाटक्या येता.

ता. क. दुसरा. फोनपासून यंत्रं तोडायची कशी ते त्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मागचं बटण दाबून धरायचं, बस. निरोप येऊन जाऊ दे, मग दाबतो.

ता. क. तिसरा, नोलीनकडून. ताई, पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडेच दिलं. फोनला आवाज नव्हता हे खरं, पण तुझा प्रत्येक निरोप खाली अक्षरांत उमटत होता आणि मी तो वाचत होते. कोणाच्या कानात जातोय हेही तो शेडमधून धावत आला त्याच दिवशी मला कळलं. चर्चमधला निरोप मी मुद्दाम लावला. म्हटलं, एकदा बघू तर खरं, याला ऐकू येतं की नुसता आवाज येतो. क्लॅरीची मी मनात माफी मागितलीय. विमानाची तिकिटं काढलीत, दोन. तरी तो नळाचा निरोप तू पाठवच. तो शेडमध्ये बसून ऐकेल, आणि मग आत येऊन मला विचारायला काय निमित्त काढतो ते मला बघायचंय.