वाटाघाटींचं टेबल

ताई,

दोन्ही देशांमधलं टपाल बंद आहे, म्हणजे हे पत्र तुला मिळणार नाही. तरी लिहितोय.

सीमा बंद झाली आणि तू तिकडे सासरीच अडकलीस. पुढे दोन्ही सरकारं बोलायला तयार झाली आणि त्या बैठकीचं टेबल करायचं काम माझ्याकडे आलं. आई म्हणाली, "नीट कर रे, पोरीचं येणं त्याच्यावर आहे." मानाच्या जागेवरून भांडण नको म्हणून मी ते गोल केलं.

बैठकीच्या आदल्या सकाळी सरकारी साहेब आले. म्हणाले, "मिस्त्री, मधोमध कापा. एका टेबलाला बसायला कोणीच तयार नाही."

कापलं. पण कापलेल्या कडांना रंधा लावला नाही. उद्या समेट झालाच, तर लाकडाच्या रेषा जुळवून पुन्हा जोडता येईल, एवढाच माझा हिशेब. दुपारी साहेबांनी कडेवरून हात फिरवला. "पाहुण्यांच्या कोटाची बाही अडकेल. गुळगुळीत करा."

केलं. पोटासाठी करतो, नाही कसं म्हणणार?

बोलणी पहिल्या चहाआधीच फिसकटली. काल दोन्ही अर्धुकं कारखान्यात परत आली. मी ती जवळ लावून पाहिली. मधलं बोटभर लाकूड रंध्याखाली गेलंय, आणि रेषाही आता जुळत नाहीत.

आईला बैठकीचं अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, "टेबल कसं झालं रे?"

मी म्हणतो, "गुळगुळीत झालंय. कुठेच काही अडत नाही."

तुझा धाकटा