धाकटी आणि तुझं घड्याळ

सोमवार, १४ तारीख
(बाईंच्या कॅलेंडरवर पाहून लिहितोय. चुकली असेल तर चूक बाईंची.)

प्रिय ताईस,

सादर नमस्कार. दाजींना नमस्कार. पोरांना पापे, अजून घेऊ देण्याच्या वयाची राहिली असतील तर.

मी मजेत आहे. धाकटीही मजेत आहे. तू तिच्याबद्दल आधी विचारशील म्हणून हे पहिल्या ओळीत उरकलं.

सध्या एका रोपवाटिकेत कामाला आहे. सगळी काचेची घरं. सकाळी काचांवर आतून दव धरतं आणि बाहेरचा रस्ता दुधात बुडवून ठेवल्यासारखा दिसतो. माणसं नुसत्या सावल्या होऊन जातात. पाइप हातात घेऊन मी रांगेनं पाणी घालत जातो तेव्हा जमीन आहे की तळं, हेच कळत नाही. आत बियांचे ट्रे आहेत. बेगोनियाचं बी पाहिलंयस कधी? कॉफीची पूड परवडली इतकं बारीक. शिंक आली तर हजार झाडं गेली. परवा मला शिंक आलीच, पण ते राहू दे, भलतीकडे चाललो.

रोपवाटिका ज्यांची, त्या बाई जरा तुझ्यासारख्या आहेत. रागावल्या की आधी जेवायला वाढतात, मग बोलतात.

तर झालं असं, की मागच्या आठवड्यात टाकी भरून वाहायला लागली आणि मी तिच्या शेजारी पाठ करून उभा होतो. पाणी पायाशी आलं तरी पत्ता नाही. बाई धावत आल्या.

"बहिरा आहेस का रे?"

"नाही हो. डाव्या बाजूनं नव्हतं ऐकलं."

"डाव्या बाजूनं म्हणजे? पाणी काय बाजू विचारून वाहतं?"

मग मी सांगितलं, की डाव्या कानात बरेच दिवस एक रातकिडा बसलाय, दिवसासुद्धा किरकिरतो. चालताना कधी कधी जमीन जराशी नावेसारखी होते. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू. बाईंना नाही आवडलं. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे, आणि तिथून थेट एमआरआयला.

तिथली नर्स चांगली होती. नाकावर चष्मा, चष्म्यावरून प्रश्न. अंगात काही धातू? पेसमेकर? कधी औषधाची रिअॅक्शन? मी नाही-नाही म्हणत गेलो. मग तिनं विचारलं, "किडनीचा काही त्रास?"

"माझी नाही हो. ताईची आहे."

"ताईंना त्रास आहे?"

"छे, ताई ठणठणीत आहे. ताई तिकडे आहे. तिची किडनी इथे आहे." आणि मी पट्ट्याखाली उजव्या कोपऱ्यावर हात ठेवला.

तिनं पेन खाली ठेवलं. "अहो, हे आधी नाही का सांगायचं!"

"तुम्ही आत्ता विचारलंत."

मग एकदम वातावरण बदललं. आधी रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत आत सोडेनात. तेवढ्यात तुझं घड्याळ वाजलं.

हो. तुझं घड्याळ माझ्याकडे आहे. शिवणयंत्राच्या खणातून मीच उचललं होतं. दाजींना उगाच बोलली असशील, त्यांची माफी माग. त्याला गजर आहे म्हणून घेतलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा वाजतं आणि मी धाकटीला, म्हणजे तुझ्या किडनीला, टिकवणाऱ्या गोळ्या घेतो. ताई, मी तीन नोकऱ्या घालवल्या, बूट तर मोजलेच नाहीत, एकदा बॅग आगगाडीत राहिली. गोळी एकही चुकवलेली नाही. गोदीतल्या मुकादमाच्या शिव्या खाता खाता घेतलीय, डोंगरावर गारांच्या पावसात घेतलीय. घड्याळ आणि गोळ्यांची डबी दोन्ही नर्सकडे द्यावी लागली, आत धातू चालत नाही. बाहेर पडेपर्यंत तिनं ती ओंजळीत धरून ठेवली होती.

आत गेल्यावर आधी भीती वाटली. मग ती मशीन ठोकायला लागली आणि मला चक्क झोप आल्यासारखं झालं. कुणीतरी शेजारच्या घरात मोठ्ठं लाकडी जहाज बांधतंय असं वाटत होतं. मी मनातल्या मनात धाकटीला म्हटलं, बघ, हेही तुला दाखवलं. मी तिला सगळं दाखवतो. समुद्र दाखवला, बर्फ दाखवला, एका गावात हजारो पाखरं एकाच झाडावर उतरताना दाखवली. तू कधी कुठे गेली नाहीस ना, म्हणून. तिनं पाहिलं की थोडं तू पाहिलंस, असा माझा हिशेब आहे. हसू नकोस.

साधे फोटो झाले. मशीन थांबली. काचेपलीकडून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः आत आल्या. त्या उठून आल्या की काहीतरी असतं, हे मलाही कळलं. म्हणाल्या, कानाच्या नसेवर वाटाण्याएवढं काहीतरी दिसतंय. ते काय आहे ते बघायला शिरेतून औषध द्यावं लागेल, म्हणजे ते उजळून दिसेल. बहुतेक साधंच आहे, पण तुमच्यासारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांच्या बाबतीत आम्ही अंदाजावर जात नाही.

"आणि ते औषध जातं कुठून?" मी विचारलं.

"किडनीतून."

माझ्या हाताला सुई लावून ठेवली होती, रिकामी. मी तिच्याकडे बघत बसलो. डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं. त्या औषधात एक धातू असतो म्हणे. तो मोकळा वाईट, म्हणून त्याला पिंजऱ्यात घालून देतात. पूर्वीचे काही पिंजरे कच्चे होते, आताचे पक्के. किडनी चांगली असली की ती त्याला पिंजऱ्यासकट बाहेर घालवते, एका दिवसात. किडनी मंद असली की तो अंगात रेंगाळतो, आणि तिथेच धोका. म्हणून आधी रक्त, मग सुई, तीही गरज असेल तरच, आणि जेवढी लागेल तेवढीच.

"आणि ही कशी आहे?"

त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "छान आहे. सांभाळलीत तुम्ही."

ताई, मला आजवर कुणी असं म्हटलेलं नाही. कशाहीबद्दल नाही. 

"मग देऊ या?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "नको. ज्याची वस्तू त्याला विचारायला हवं."

"अहो, ती आता तुमचीच आहे."

"तुम्ही ताईला ओळखत नाही."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, विचारा. पंधरा दिवस थांबता येईल, पंधरा महिने नाही. मी सुई काढून घेतली आणि घरी आलो. बाईंनी आधी जेवायला वाढलं.

मी न सांगता का निघालो, हे तू कधी विचारलं नाहीस. मी पत्ताच दिला नाही, तर विचारणार कुठे. निघालो त्या दिवशी तू पाणी भरून उठलीस आणि कुशीवर हात धरून क्षणभर भिंतीला टेकलीस. मी दारात होतो. तू म्हणालीस, "काही नाही रे, सवय झालीय." मला त्या सवयीसमोर रोज जेवायला बसता येईना. एवढंच. वाटाण्याची भीती वाटते, तीही एवढीच.

तर विचारतो. तिच्यातून ते औषध जाऊ देऊ का? मागे बाईंचा फोन नंबर लिहिलाय. पण फोन करू नकोस, तुझा आवाज आला तर माझा येणार नाही. लिहूनच कळव. पत्ताही लिहिलाय, या वेळी खरा.

तुझा,
तुझ्या वस्तू घेऊन फिरणारा

*

शुक्रवार
(तारीख नाही बघितली)

ताई,

तुझं उत्तर बाईंच्या फोनवर आलं. त्यांनी चष्मा लावून सगळ्या काचघराला ऐकू जाईल असं वाचलं:

"मूर्खा, किडनी मी दिली होती. दिलेल्या वस्तूचं मला विचारायचं नसतं. औषध घे, डॉक्टर सांगतील तसं कर. घड्याळ मात्र दिलं नव्हतं. ते आणून दे."

बाई म्हणाल्या, "ही बाई मला आवडली."

काल जाऊन आलो. पुन्हा रक्त, पुन्हा तेच प्रश्न. या वेळी मी आधीच सांगितलं. नर्सनं घड्याळ आपणहून मागून घेतलं. सुईतून औषध आलं तेव्हा हातात एक थंड रेघ चढत गेली, पहाटे ओल्या गवतात हात घालावा तशी. जिभेवर क्षणभर नाण्याची चव. मग मशीन पुन्हा जहाज बांधायला लागली आणि मी डोळे मिटून तिला बघत होतो. म्हणजे धाकटीला. लहान मुलीसारखी दिसली, तुझ्या जुन्या फोटोतल्यासारखी, परकराचा ओचा खोचून दारात उभी. पिंजरे एकेक करून येत होते, आणि ती प्रत्येकाला अंगण ओलांडून फाटकापर्यंत पोचवून येत होती. दमत नव्हती. कुशीवर हात ठेवत नव्हती.

नंतर अर्धा तास बसवून ठेवलं, काही होतंय का बघायला. काही झालं नाही. झोप तेवढी आली.

वाटाणा उजळला. गोल, कडा साफ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसेच्या आवरणावरची साधी गाठ आहे, पसरणारी जात नाही. वाढते का ते वर्षातून एकदा बघायचं, आणि त्याला बहुधा साधे फोटोही पुरतील. प्रत्येक वेळी औषध कशाला, म्हणाल्या. रातकिडा मात्र राहणार. त्याची आता सवय करायला हवी. हा शब्द लिहिताना मी थांबलो होतो.

वर्षातून एकदा फोटो कुठेही काढता येतात, तुझ्या गावातही. मी विचारून घेतलं.

बाईंनी बेगोनियाची सहा रोपं बांधून दिलीत. तुझ्या खिडकीत सावली असते ना अजून? गाडीत मी डाव्या बाजूला बसेन, म्हणजे डावा कान भिंतीकडे जाईल आणि बाकी सगळं ऐकू येईल.

आत्ता घड्याळ वाजलं. गोळी घेतो. हे घड्याळ रविवारी तुझ्या हातावर वाजेल, सकाळचं. त्या वेळी पाण्याचा पेला घेऊन उभी राहा. पेला मीच भरून आणला असता, पण तुझं घर आहे, आधी आत तर घे.

घड्याळ परत करणारा, बाकी ठेवून घेणारा,
तुझा भाऊ