आचाऱ्यांचा ऱ्य

सर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? आयुष्यभर ज्यांना दुसऱ्यांच्या अर्जांच्या नकला टाइप कराव्या लागल्या नाहीत, त्यांना क्षमा स्वस्त पडते.

आर्वीच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा गणिताचे म्हणून तो तुमच्या ताब्यात दिला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, हिंगणीची, आर्वीत मामाकडे राहणारी. त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, खिडकीच्या वाळ्याच्या ताटीवर दर तासाला पाणी मारायचं. मराठी लिहिण्याचा एक प्रोग्राम तुम्ही नागपूरच्या ओळखीच्या माणसाकडून आणला होता, तोही तयार नव्हे. नुसता सोर्स, माणसाने लिहिलेल्या अकरा फायली, फ्लॉप्यांवर. बाकीचे प्राध्यापक म्हणाले, कशाला डोकेफोड, तयार फ्लॉपी मागवा. तुम्ही म्हणालात, "तयार फ्लॉपी म्हणजे हायब्रीड सरकी हाय. यंदा पेरली, पुढच्या साली पुन्हा दुकानात जा लागते. सोर्स म्हणजे घरचं बियाणं. बिघडलं त आपल्याले दुरुस्त करता येते." मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मास्तर शेतकऱ्याच्या पोटचा दिसते." तुम्ही मला फार आवडला होतात, सर. तेही लिहून टाकते, नाहीतर पुढचा राग कोणाला कळायचा नाही.

मग आपण तो प्रोग्राम बांधायला बसलो. एकेक फाइल कंपाइल करायची, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून घ्यायची, आणि शेवटी अकराही जोडून एक चालता प्रोग्राम करायचा. एका फ्लॉपीत सगळं मावत नसे, सारखी ही काढ, ती घाल. आठव्या-नवव्या फायलीला लाईन जायची. "गेली व माय!" असं म्हणून तुम्ही चहाला निघून जायचात आणि मी पदराने वारा घेत तिथेच बसायचे. लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभराने प्रोग्राम चालला, पडद्यावर मराठी अक्षरं उमटली, तेव्हा तुम्ही शिपायाला पेढे आणायला पिटाळलंत.

पेढे पचायच्या आत गॅदरिंगची सूचना आली. पंगतीच्या स्वयंपाक्यांसाठी मी टाइप केलं होतं, "आचाऱ्यांनी भांडी घासून परत करावीत." प्रिंटरने छापलं, "आचार्यांनी भांडी घासून परत करावीत." प्रोग्राम लिहिणारा हिंदीतला असावा, हिंदीत आपला हा आडवा अर्धा र नाहीच, त्याने प्रत्येक ठिकाणी रफार चढवून ठेवला होता. नोटीस बोर्डासमोर ही गर्दी! प्राचार्यांनाच भांडी घासायला लावली म्हणून स्टाफरूम आठवडाभर खिदळत होती. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडलात, "तुले ऱ्य लिहिता येत नाई काय?" मला येत होता, सर. मशीनला येत नव्हता.

तो मी मशीनला शिकवला. तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत सिंदीला घरी गेलात आणि किल्ली माझ्याकडे दिलीत. जोडाक्षरांची फाइल मी ओळ न् ओळ वाचली. चौकटींच्या कागदावर ठिपके काढून अर्धा र बसवला, त्याला एक मोकळी कळ दिली, त्या कळीनंतर य आला की रफार चढवू नये असा नियम लिहिला. पुन्हा बांधला, चुकला, पुन्हा बांधला. मामी म्हणायची, "पोरीले उन्हाचं याड लागलं." सतराव्या वेळेला "आचाऱ्यांनी" नीट छापून आलं आणि मी त्या खोलीत एकटीच रडले. तुम्ही परत आलात, कागद पाहिलात, नुसतं "जमलं म्हणायचं," म्हणालात. मला तेवढंही पुरलं होतं.

आणि मग तो दिवस. विद्यापीठाचे तीन पाहुणे आलेत. त्यांच्याकडे प्रोग्राम लिहिणाऱ्याची एक जागा आहे, हे तुम्हीच मला सांगितलेलं. म्हणून मी मामीची चांगली साडी नेसून आले आहे. एक पाहुणे कागद डोळ्यांजवळ धरून विचारतात, "अरे वा, हा ऱ्य कोणी बसवला?" मी तुमच्याकडे बघते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "मीच बसवला. हे पोरगी टायपिंग करून देते." पाहुणे माझ्याकडे बघून हसतात, टायपिंगवालीकडे बघून हसावं तसं. ते गेल्यावर व्हरांड्यात तुम्ही म्हणता, "काऊन तोंड फुगवून राह्यली? तुले कायले पाहिजे नाव? तुले त लगन करून जा लागते."

लग्न झालं. नोकरीही लागली, वर्ध्याच्या एका कचेरीत, टायपिस्टची. तुमच्या शिफारसपत्रात लिहिलंच होतं की मुलीचा हात स्वच्छ आणि जलद आहे.

दोन वर्षांनी तुमचं कार्ड आलं. कॉलेजातल्या सोर्सच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. प्रोग्राम चालत होता, पण आता त्यात कोणाला हात घालता येत नव्हता, घरचं बियाणं गेलं होतं. "तऱ्हा शब्दात अजून रफार येतो. तुझ्या कामात तेवढी एक चूक राहिली आहे. तुझ्याकडे सोर्सची प्रत असल्यास पाठवावी, किंवा एखाद्या रविवारी येऊन तूच दुरुस्त करून जावी." प्रत होती, ऱ्य बसवला त्या उन्हाळ्यात करून घेतलेली. माझ्या पेटीत, लुगड्यांखाली, चांगली कोरडी. मी उलट टपाली कळवलं, "माझ्याकडे काही नाही. मी फक्त टायपिंग करून देत होते." फार दिवस मला त्या उत्तराचा अभिमान होता. पुढच्या होळीआधी तुम्ही गेलात. कॉलेजात शेवटपर्यंत "तर्हा" छापत राहिले असणार.

आज हे कागदावर उतरवलं, पण टाकणार कुठे? एक मात्र सांगायचं राहिलं, आणि ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. चूक काढल्याच्या रागाने मी तसं उत्तर दिलं, असं मी स्वतःला समजावत आले. ते खरं नाही. त्या कार्डात तुम्ही "तुझ्या कामात" असं लिहिलं होतं, "माझ्या" नव्हे. ते मी त्याच दिवशी वाचलं होतं, सर, तीनदा वाचलं होतं, आणि मगच उत्तर लिहायला बसले होते.