बिटाचा केक आणि बाबाची मिशी

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबाची मिशी पणाला लागलीय आणि त्यालाच पत्ता नाही!

जेवताना तो नेहमीसारखा भातातले गाजराचे तुकडे वेचून ताटाच्या कडेला लावत होता. एकापुढे एक, कामावर स्क्रू काढून ठेवतो तसे. लिफ्ट दुरुस्त करतो ना तो. आई म्हणाली, "पन्नाशी आली, अजून भाजीशी उभा दावा!" त्यावर हा — "महिनाभर माझ्या घशाखाली भाजी उतरवून दाखवा, मिशी उतरवतो!" ढब्बूने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, हसून हसून पाणी सांडलं.

मी गप्प बसले. मी गप्प बसले की घरातल्यांनी सावध व्हायला पाहिजे. कोणी झालं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुरुवात केली.

दहावीला दोनदा आपटले तेव्हापासून मी आत्याच्या बेकरीत आहे. आत्या बाबाची मोठी बहीण, जीभ सुरीसारखी. तिने आता नवीन काढलंय — पोटात भाजी लपवलेले चॉकलेट केक. साखर कमी, बीट जास्त. ज्यांची पोरं भाजी बघून पळतात त्या आयांसाठी. बाहेर पाटीवर तसं स्पष्ट लिहिलंय. पण बाबाच्या डब्यावर कुठे पाटी आहे?

बीट उकडायचं, गरम असतानाच साल ओढायची, वाटायचं. लगदा चाळणीवर अर्धा तास निथळत ठेवायचा, नाहीतर केक मधे कच्चट राहतो. कोको दोन चमचे जादा, कारण बिटाला मातीचा वास असतो. केक चौकोनी कापला की कडा उरतात. त्या कडा माझ्या!

घरी नाही आणायच्या. ढब्बू एका घासात ओळखेल आणि बोंब मारेल. सरळ बाबाच्या डब्यात, वरच्या कप्प्यात. संध्याकाळी डबा रिकामा!

"कसा होता?"

"छान होता."

ही वही पुरावा आहे. इथे थाप मारायची नाही. बाकी सगळीकडे मारते, इथे नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

रविवार सोडून रोज बीट. डबा तर असा येतो की चाटूनपुसून आणलाय. एक कणसुद्धा नाही. "छान होता." रोज तेच. बिचारा!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार



सकाळी बाबा संडासातून आला, मी लगेच आत गेले. आमच्या फ्लशची टाकी अर्धीच भरते, पाणी पुरत नाही. भांड्यात लाल होतं. गुलाबी नाही — लाल.

आधी वाटलं ढब्बूचा उद्योग. मागच्या वर्षी मीच टाकीत लाल रंग टाकला होता, आईने केवढी किंकाळी फोडली होती! म्हणलं चेल्याने गुरूची विद्या गुरूवर चालवली. त्याला जाऊन चिमटा काढला. तो झोपलेला. खरंच झोपलेला, तोंडातून लाळ गळत होती.

परत गेले. दोन बादल्या ओतल्या. बाहेर आले तर बाबा दारात उभा.

"काय गं, बादल्या कशाला?"

"टाकी भरली नव्हती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पण. मग दोघांनी एकदम दुसरीकडे बघितलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

परत लाल.

कोणाला सांगू? आईला सांगितलं तर म्हणणार, कार्टे, रंग कुठे लपवलायस तो काढ आधी. बरोबरच आहे तिचं. सात वर्षं मी हेच करत आलेय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता मी कडीचा आवाज ओळखते. बाबाने लावलेली कडी दोनदा वाजते. आज तो चार वेळा आत गेला.

संध्याकाळी तो जिन्यात उभा राहून फोनवर बोलत होता. लिफ्टवाला माणूस जिन्यात कधी जातो? लपायचं असेल तेव्हा! मी वरच्या वळणावर चपला हातात घेऊन बसले.

"हो, दुखत नाही... दोन आठवडे झाले असतील... अठ्ठावीसला, शुक्रवारी? दहा वाजता. उपाशी पोटी. बरं. आणि हे बघा, घरच्या नंबरावर फोन नका करू."

तो वर यायला लागला तशी मी धूम पळाले. एक चप्पल जिन्यातच पडली. ती त्याने आणून दाराशी ठेवली, दुसरीच्या शेजारी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आई खिडकीशी बसून पडदे शिवत होती. बाबा फाईल घेऊन तिच्यापाशी बसला.

"हे घराचे कागद. हे विम्याचे. हा फोन नंबर, यांना आधी फोन करायचा."

आई मशीन न थांबवता म्हणाली, "आज एकदम काय सुचलं? कुठे पळून चाललास की काय?"

"माणसाला माहीत असावं."

"मला माहितीय, तूच विसरतोस."

मशीन चालूच. मी भांडी घासत होते. एक पेला तीन वेळा घासला.

जेवण जात नाही. बाबा मेला तर, असं मनात येतं आणि मी ते वाक्य पुरं करत नाही. आत्ता लिहिलं तेही पुरं नाही केलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

केकचा अख्खा ट्रे जाळला. आत्या ओरडली, "लक्ष कुठे आहे तुझं? प्रेमात पडलीस?" असतं तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अगं बाई! अगं बाई गं!!

दुपारी दुकानात फोन वाजला. एक गिऱ्हाईक बाई रडत होती. आत्याने फोन हातभर लांब धरला तरी मला ऐकू येत होतं. तिच्या पोराला लाल शू झाली, केकमध्ये काय घातलंत, पोलिसांत जाईन!

आत्या शांत. "बाई, पाटी वाचलीत ना? बीट आहे त्यात. बीट खाल्लं की काही जणांना होते लाल. बीट बंद करा, एक-दोन दिवसांत जाईल. नाहीच गेली तर मात्र डॉक्टरकडे जा."

मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले. हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही मिळून उचकी लागली. आत्या म्हणाली, "हिला काय झालं आता?"

बीट! सगळं बिटाचं! बाबाला काही झालेलं नाही. मीच केलंय ते.

आणि मग टाळक्यात उजेड पडला — मीच केलंय ते. तो माणूस आठवडाभर मरणाच्या भीतीत आहे. फाईल काढून बसला. माझ्या एका गमतीपायी! आता हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं. तीनदा तोंड उघडलं. एकदा जांभई दिली, एकदा मीठ मागितलं, एकदा म्हणलं, "बाबा, तुझे मोजे उलटे आहेत." नव्हते.

डब्यात मात्र आज केक ठेवला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

घरी जमेना म्हणून दुपारी त्याच्या कामावर गेले. नऊ मजली बिल्डिंग, लिफ्ट बंद, त्यामुळे चालत. गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली आहे. लोखंडी दार, आत ग्रीसचा वास, मोठ्ठं चाक आणि त्यावरून खाली गेलेले दोर. बाबा टॉर्च तोंडात धरून पॅनेलमधल्या वायरी बघत होता. त्याचा जोडीदार खाली, लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात होता. आम्ही त्याला स्प्रिंगकाका म्हणतो, चालताना उड्या मारतो म्हणून.

बाबाने टॉर्च काढला. "भामटे, तू इथे? कोणाला काय झालं?"

मी एका दमात बोलले. केक, बीट, कडा, मिशी, संडास, बादल्या, जिना, अठ्ठावीस तारीख. मधे नाक पुसलं ते त्याच्याच ग्रीसच्या फडक्याला.

तो हातातला पाना उलटसुलट करत राहिला. मला वाटलं आता कानाखाली बसणार. कधी मारलं नाही त्याने, पण हे मारण्यासारखंच होतं.

"रोज रडतेयस?"

"आठ दिवस."

"जेवत पण नाहीयेस."

"बाबा, मला माफ कर. तू मरत नाहीयेस रे. ते बीट आहे नुसतं!"

त्याने पाना खाली ठेवला. सावकाश, आवाज न करता. आणि मग हसला! एवढ्यांदा हसला की खालून स्प्रिंगकाका ओरडला, "काय झालं रे वर?"

"काही नाही!" बाबा खाली ओरडला. "माझ्या पोरीने मला गंडवलं!"

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. ग्रीसचा. "आईला त्या लालबिलचं काही बोलू नकोस. उगीच घाबरेल. मिशीचं मात्र आज करून टाकू. शब्द म्हणजे शब्द."

"महिना कुठे झालाय? अठराच दिवस झालेत."

"बापाला घाबरवलंस ना? बाकीचे बारा दिवस माफ."

संध्याकाळी काढली! बावीस वर्षांची मिशी. ढब्बू म्हणाला, "बाबा, तू तर आत्यासारखा दिसतोस!" आई दाराच्या चौकटीला धरून हसत होती. बाबा आरशासमोर बराच वेळ उभा होता. मी आरशातून बघितलं तर तो मिशीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, मी हसतेय का ते.

हसत होते. पोटभर जेवले.

२३ नोव्हेंबर, रविवार

बारा तास झोपले. हॉस्पिटलचं विचारलं. "आता कशाला? त्या दिवशी काम आहे," म्हणाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डब्यात केक बंद म्हणजे बंद. बाबाने आठवण पण काढली नाही, आश्चर्य आहे! एवढा आवडायचा ना?

बाबाची कडी आज तीनदा ऐकली. मी मोजत नव्हते. सवय राहिलीय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी स्प्रिंगकाका बेकरीत आला. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "काय गं, चॉकलेट केकचा रतीब बंद केलास होय? अडीच आठवडे चटक लावलीस, आता विकत घ्यायला लावतेस!"

म्हणलं, "काका, तो बाबाच्या डब्यात असायचा."

"त्याचा डबा, माझं पोट! तो कुठे खायचा? पहिल्याच दिवशी झाकण उघडलं आणि म्हणाला, बीट आहे यात. कुत्र्याचं नाक आहे तुझ्या बापाला. भाजी म्हणून तोंडाला लावला नाही, अख्खा मला. म्हणाला, पोरीला सांगू नकोस, तिची मजा जाईल. बघू कुठवर जाते ती! आणि ऐक, मला तिसऱ्या दिवशी लाल झाली ना, माझी अशी तंतरली! तर तुझा बापच हसला मला. म्हणाला, अरे वेड्या, बीट खाल्लंस, होणारच!"

मी केकचा खोका बांधत होते. दोरीची गाठ बसेना.

"एक घास पण नाही खाल्ला, काका? एकदाही?"

"आई शप्पथ, एकदाही नाही."

म्हणजे बाबाने बीट खाल्लंच नाही. आणि मशीनच्या खोलीत मी तोंड उघडलं तेव्हापासून त्याला ते माहीत होतं. तरी हसला. तरी मिशी काढली.

उद्या शुक्रवार. दहा वाजता, उपाशी पोटी. मीही काही खाणार नाही. सहापासून दाराशी बसणार आहे, चपला घालून.