माझ्या अक्षरांची विल्हेवाट

मी गुंडप्पा मन्मथअप्पा फुलारी, वय ७१, धंदा पाट्या रंगविणे, राहणार धर्मापुरी, तालुका परळी, जिल्हा बीड, माझ्यामागे काय कोणाचे, हे स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे.

१) राहते घर पत्नी शिवकन्या हिचे, तिच्यामागे मुलगी रुद्राणीचे. शिवकन्येच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढू नये.

२) ब्रश व शिडी धोंडीरामला. माझ्याकडे शिकून त्याने समोरच दुकान टाकले, माझ्याच वळणाने पाट्या रंगविल्या. मी वर्षभर बोललो नाही. पण अक्षर माझे म्हणून त्याचा हात धरला नाही.

३) मुलगा श्रीशैल माझ्या अक्षरांचे तक्ते पुण्याला घेऊन गेला. "अप्पा, कॉम्प्युटरात तुमची अक्षरं येतील, तुमच्याच नावानं," म्हणाला. तिथे एका कंपनीत नोकरी मिळावी म्हणून त्याने ती स्वतःची असल्याचे लिहून दिले. कंपनीने त्यांना मालकाच्या नातीचे नाव दिले व पैसे भरल्याशिवाय कोणाला वापरता येऊ नयेत असे कुलूप घालून विकायला काढली.

रुद्राणीचे परळीत इंटरनेट सेंटर आहे. तिने माझ्याकडून सारी अक्षरे नव्याने काढून घेतली आणि माझ्या नावासह इंटरनेटवर फुकट टाकली. मला न विचारता टाकली, म्हणून तिलाही बोललो. पण गावोगावचे मास्तर त्यांत प्रश्नपत्रिका छापू लागले, तेव्हा गप्प बसलो. कंपनीने तिच्यावर चोरीची फिर्याद केली. संगणक जप्त झाले. कंपनीचा वकील मला म्हणाला, "बाबा, कोर्ट हात कोणाचा ते पाहत नाही, सही कोणाची ते पाहतं." श्रीशैल शेजारीच उभा होता. "फुकट वाटल्यावर कलाकारानं खायाचं काय, अप्पा?" एवढेच बोलला.

प्रश्न खोटा नाही. मजुरी घेतल्याशिवाय मीही पाटी रंगविली नाही. पण ज्याने माझ्या नावावर बोळा फिरवला, त्याने कलाकाराची कड घ्यावी, याची चीड येते.

४) सबब, माझी अक्षरे कोणीही विनामूल्य वापरावी, वाटावी. त्यांना कुलूप घालू नये, माझे नाव काढू नये. दावा लढण्याचा अधिकार रुद्राणीला.

५) माळाची जमीन श्रीशैल व रुद्राणी दोघांत निम्मी. मात्र श्रीशैलने कोर्टात उभे राहून "हात अप्पांचा होता" एवढे सांगावे, मगच हिस्सा घ्यावा. न सांगितल्यास सगळी रुद्राणीला. हे ऐकून शिवकन्या म्हणाली, "अट कावून घालता? पोरगंच हाय ना आपलं." पोरगं आहे म्हणूनच घातली. परक्याकडे मी एवढेही मागितले नसते.

वरील मजकूर वाचून, खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

गुंडप्पा मन्मथअप्पा फुलारी

साक्षीदार: शहादेव मुंडे, सुग्रीव गित्ते

धर्मापुरी, ११ मार्च २००३