सुपारीएवढा विटेचा तुकडा

काचीगुडा, हैदराबाद
१२ जानेवारी १९९६

प्रिय आदर्शदादा,

उद्या आई तुला पत्र सांगेल आणि नेहमीसारखं ते मीच लिहीन. ती सांगेल तसंच लिहावं लागेल, म्हणून हे आजच, पोस्टात उभ्या उभ्या लिहितेय.

रविवारी आईला नागार्जुनकोंड्याला नेलं. धरणाच्या पाण्यातलं ते बेट, लाँचनं जवळजवळ तासभर. आई जन्मात पहिल्यांदा पाण्यावर. एका हातात माझा दंड, दुसऱ्यात बाकडं, तोंडानं 'बुद्धं शरणं'. तरी शेजारच्या तेलुगू बाईला ऐकवलंच, "मेरी बेटी को सरकारी नौकरी लगी." लागली कुठं अजून? यादीत नाव आलंय, पोलिसांची चौकशी व्हायचीय. तेवढ्यावर बाबांनी रेल्वेत कामावर पेढेही वाटले.

बेटावर उतरताच पाटी होती. इथली वीट, दगड, काहीही नेणं गुन्हा, कैद होईल. मी दोनदा वाचली; आईला वाचून दाखवली नाही. तिला काय करायचंय, असं वाटलं. चुकले ते तिथंच.

स्तूपाला प्रदक्षिणा घालून आली तर तिच्या रुमालात विटेचा सुपारीएवढा तुकडा! खाली पडला होता म्हणे. "गावच्या विहाराच्या पायाभरणीला ठेवू. तुझ्याकडं असू दे बाई, शिकलेली हायस, नीट सांभाळशील." माझ्या पर्समध्ये तिनंच रुमालासकट कोंबला. मी परत ठेवायला वळले तोवर भोंगा झाला आणि रखवालदारानं सगळ्यांना धक्क्याकडं हाकललं.

लाँच निघाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, पलीकडं पिशव्या तपासतात. दादा, ती पाटी आठवली. कैद, चौकशी, यादीतून नाव जाणार. घरात पहिल्यांदा शिकलेली मुलगी, आणि चोर! आई पदरात तोंड घालून बसली होती. मी पर्समधल्या रुमालाची गाठ सोडली, तुकडा मुठीत घेतला, हात पाण्यावर नेला आणि मूठ उघडली. आवाजसुद्धा झाला नाही.

काठावर कुणी काही तपासलं नाही. पोलिसानं आईला हात देऊन उतरवलं, "संभलके, अम्मा."

इतकी शतकं टिकलेला तो तुकडा बेटावरही राहिला नाही, आपल्याकडंही आला नाही. रिकामा रुमाल आईला द्यायचं धाडस झालं नाही. आपल्या शेजारचं जुनं घर दुकानांसाठी पाडलंय. तिथलाच तसल्या रंगाचा एक तुकडा रुमालात बांधला. आई त्याला रोज फूल वाहते. ती वाकली की मला धडकी भरते.

माघ पौर्णिमेला ती तो गावी घेऊन येईल, सगळं गाव हात जोडेल आणि पायाभरणीत तो ठेवायचा तुझ्या हातानं. तुला फसवून हे व्हायला नको. त्याआधी एकदा इकडं येऊन जा. आईला मीच सांगेन, तू नुसता शेजारी बस. आणि उद्याच्या पत्रात 'तुकडा सुखरूप आहे' असं येईल. अक्षर माझं असेल, पण ते मी लिहिलंय असं समजू नकोस.

तुझीच घाबरट,
रोशनी